वऱ्हाडातील विमाव्यावसायिक : शब्दाचा खरेपणा आणि व्यवसायक्लांती

विमाव्यवसायाचा इतिहास लिहिताना कंपन्यांची स्थापना, कायद्यांची कलमे आणि निधीची गुंतवणूक या तीन गोष्टींकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने जाते. ज्याच्या शब्दावर विश्वासून विमापत्र घेतले जाते तो माणूस या इतिहासात क्वचितच भेटतो. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांपुरता विचार केला तर ही उणीव अधिकच जाणवते. येथील शेतकऱ्याचा विमा कंपनीशी प्रत्यक्ष संबंध सामान्यतः येत नसे. त्याच्या दृष्टीने कंपनी म्हणजे गावात येणारा एजंट, आणि त्या एजंटाच्या दृष्टीने कंपनी म्हणजे वर्षअखेरीस जुळवावयाचा आकडा. या दोहोंच्या मध्ये जो माणूस उभा राहिला त्याच्या बोलण्याचा खरेपणा कशामुळे टिकला, कशामुळे झिजला, आणि त्या झिजेतून येणारा शीण केवळ पायपिटीचा होता की आणखी कशाचा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रारंभी दोन शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. हिशेबात अफरातफर न करणे, भरणा वेळेवर करणे, खोटा कागद न देणे याला सचोटी म्हणतात. ती कायद्याने तपासता येते. खरेपणा ही त्याहून निराळी गोष्ट आहे. बोलणाराचे मन आणि त्याचे बोलणे यांत अंतर नसणे, एवढाच येथे त्याचा अर्थ घेतला आहे. सचोटीचा माणूस खरेपणा गमावून बसू शकतो, आणि विमाव्यवसायात हे वारंवार घडते. दुसरा शब्द व्यवसायक्लांती. न्यूयॉर्क येथील मोफत दवाखान्यांतील स्वयंसेवकांचे निरीक्षण करून हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. क्रिस्टिना मॅस्लॅक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तिच्या मापनाची प्रश्नावली सिद्ध केली आणि भावनिक रितेपण, समोरच्या माणसाविषयी आलेला कोरडेपणा व आपल्या हातून काही घडत नाही अशी भावना ही तिची तीन अंगे ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची नोंद रोग म्हणून न करता व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून केली. ही संज्ञा अलीकडची असली तरी अवस्था अलीकडची नाही. ‘माणूस विटला’ असे मराठीत पूर्वीपासून म्हटले जाते, आणि त्या क्रियापदात शीण व वीट हे दोन्ही अर्थ आहेत.

वऱ्हाडाची आर्थिक पार्श्वभूमी अभ्यासकांना परिचित असल्याने येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने घेण्यात येऊन १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात आलेली कापसाची तेजी, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, बडनेरा आणि अकोला येथून मुंबईस जाणाऱ्या गाठी यांनी येथील शेतकऱ्याला रोख पैशाची ओळख करून दिली. या प्रदेशाचा कापूस मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारांत ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई, आणि ते नाव उमरावतीचेच रूप आहे. रोख पैसा आला तो मात्र वर्षातून एकदाच येई. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की माघ-फाल्गुनापर्यंत घरात पैसा दिसे. मृगाच्या तोंडी बियाणे, मजुरी आणि बैल यांसाठी तो सावकाराकडून अगर अडत्याकडून परत आणावा लागे. पूर्णेच्या खोऱ्यातील दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागांतील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी शेतीस निरुपयोगी, त्यामुळे सारा भार खरिपावर. तेथील काळ्या जमिनीतील वाटा पावसाळ्यात गाडीलाच काय, पायी चालणारालाही दाद देत नसत. विमाव्यावसायिकाच्या कथेत या चिखलाला महत्त्वाचे स्थान आहे, ते पुढे दिसून येईल.

हिंदुस्थानात आयुर्विम्याची पहिली कंपनी १८१८ मध्ये कलकत्त्यास निघाली. मुंबईची ओरिएंटल ही कंपनी १८७४ ची. परंतु विम्याला देशी शब्दसंपदा मिळाली ती वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळीत. १९०६ मध्ये मद्रासेस युनायटेड इंडिया आणि कलकत्त्यास नॅशनल, १९०७ मध्ये हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह, आणि १९१३ मध्ये साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांची वेस्टर्न इंडिया अशा कंपन्या उभ्या राहिल्या. लाहोरच्या लक्ष्मी इन्शुरन्सशी तर लाला लजपतराय यांचेच नाव निगडित होते. दादासाहेब खापर्डे यांच्या नेतृत्वाखाली टिळकपक्षाचा जोर असलेल्या वऱ्हाडात ‘देशाचा पैसा देशात’ हे वाक्य कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. यातून एक परिणाम झाला. विमा विकणारा माणूस विक्रेता म्हणून न बोलता कार्यकर्ता म्हणून बोलू लागला. अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकातील विमा एजंटांविषयी व्हिव्हियाना झेलायझर यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात असेच दाखविले आहे की, कंपन्यांनी त्यांना धर्मप्रचारकाची भाषा दिली आणि मेहनताना मात्र दलालाचा दिला. तेथे ती भाषा चर्चमधून आली, येथे ती सभामंडपातून आली, एवढाच फरक. दोन्हीकडे बोलणारा पहिल्या दिवसापासून आपल्या पोटाचा प्रश्न झाकून बोलत होता. तो लबाड होता असे नव्हे. बहुधा तो आपल्या बोलण्यावर स्वतः विश्वास ठेवीत असे, आणि म्हणूनच पुढे त्याला त्याचा अधिक त्रास झाला.

हे बोलणे मुळात सोपे नव्हते. ज्या घरात मरणाचा उच्चार अभद्र मानला जातो त्या घरात जाऊन, वडीलधाऱ्यांसमक्ष, कर्त्या पुरुषाला ‘तुमच्या माघारी’ असे म्हणावे लागते. १९२३ नंतर या संभाषणाला एक नाजूक कायदेशीर बाजू प्राप्त झाली. पत्नी व मुले यांच्या लाभासाठी घेतलेले विमापत्र हा विश्वस्त निधी समजावा आणि त्यावर पतीच्या सावकारांचा हक्क नसावा, ही १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्यातील तरतूद हिंदूंना लागू आहे की नाही याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद होते. १९२३ च्या दुरुस्तीने ती लागू असल्याचे स्पष्ट झाले. कर्जबाजारी वऱ्हाडात याचा अर्थ फार मोठा होता. शेत गहाण, घर गहाण, दागिने गेलेले, अशा कुटुंबात सावकाराच्या हाती न लागणारी एक रक्कम विधवेसाठी राखून ठेवता येत होती. परंतु हे सांगण्यासाठी एजंटाला एकत्र कुटुंबाच्या मर्मावर बोट ठेवावे लागे : पत्नीचे हित दिरांच्या व सासऱ्याच्या हितापासून वेगळे असू शकते, हे त्याच सासऱ्याच्या ओसरीवर बसून सांगावे लागे. ज्याने हे प्रामाणिकपणे सांगितले तो त्या घराचा जवळचा माणूस झाला. आणि जवळचा माणूस झाला की हप्ता थकल्यावर त्याच घरी तगादा करणे त्याला कठीण झाले.

येथे मेहनतान्याच्या रचनेकडे वळले पाहिजे, कारण प्रश्नाचे मूळ तेथे आहे. १९३८ च्या विमा कायद्याने एजंटाला परवाना आवश्यक केला आणि कमिशनची मर्यादा पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ४० टक्के व पुढील हप्त्यांवर ५ टक्के अशी ठरविली. १९५० च्या दुरुस्तीनंतर प्रस्थापित कंपन्यांसाठी ही मर्यादा पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि त्यानंतर ५ टक्के अशी झाली, व तीच चौकट पुढे आयुर्विमा महामंडळाच्या काळात दीर्घकाळ टिकली. शंभर रुपये वार्षिक हप्त्याच्या विमापत्रावर एजंटाला पहिल्या वर्षी ३५ रुपयांपर्यंत मिळत. तेवढीच रक्कम नूतनीकरणाच्या हप्त्यांतून मिळविण्यास त्याला पुढील सहा वर्षे ते विमापत्र चालू ठेवावे लागे. उलट पक्षी, तीन वर्षांच्या आत हप्ते बंद पडल्यास विमेदाराच्या हाती सामान्यतः काहीच येत नसे. म्हणजे ज्या व्यवहारात विमेदाराचे सर्वस्वी नुकसान होते त्या व्यवहारातही एजंटाच्या मोबदल्याचा मोठा भाग त्याच्या पदरात पडलेला असे. कायद्याने दीर्घकालीन सेवेचे बक्षीसही ठेवले होते : ठरावीक सेवा झालेल्या एजंटाचे नूतनीकरण-कमिशन त्याच्यामागे त्याच्या वारसांना मिळे. परंतु ते फळ म्हातारपणी व मरणोत्तर. चूल मात्र या वर्षाची.

वऱ्हाडात या रचनेची गाठ कापसाच्या पंचांगाशी पडली. जुन्या काळी कंपन्यांची वर्षे पुष्कळदा डिसेंबरअखेर संपत, आणि महामंडळाचा पहिला ताळेबंदही ३१ डिसेंबर १९५७ रोजीचा होता. डिसेंबरात कापूस बाजारात, शेतकऱ्याच्या हाती पैसा, एजंटाचे वर्ष संपत आलेले. तिन्ही गोष्टी जुळत आणि प्रस्ताव झपाट्याने होत. पण सहामाही हप्त्याचे विमापत्र डिसेंबरात घेतले की दुसरा हप्ता जूनमध्ये येई. जून म्हणजे पेरणी. त्या महिन्यात वऱ्हाडातील शेतकरी पैसे देत नाही, मागतो. पुढे वर्ष मार्चअखेर संपू लागले तेव्हा दुसरा हप्ता सप्टेंबरात गेला. तोवर मागील वर्षाचा पैसा संपलेला आणि नवी वेचणी सुरू व्हावयाची असे. सवलतीचे दिवस एक महिना. तेवढ्यात पहिल्या वेच्याचा पैसा येईलच असा भरवसा नाही, आणि जून ते सप्टेंबर या काळात खारपाणपट्ट्यातील गावी एजंटाला पोहोचताही येत नाही. विमापत्रे बंद पडत ती शेतकऱ्याच्या अनास्थेमुळे, असे म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः ज्या महिन्यात विकणे सोपे त्याच महिन्याने पुढची थकबाकी ठरवून ठेवली होती. वार्षिक हप्ता ठेवला तर हा पेच सुटे, परंतु एकरकमी मोठा आकडा ऐकून प्रस्ताव हातचा जाण्याची भीती असे. कोणता हप्ता सोयीचा याविषयी एजंटाने द्यावयाचा सल्ला हा त्याच्या खरेपणाची कसोटी होता, आणि ही कसोटी त्याला नेमकी वर्षअखेरच्या आठवड्यात द्यावी लागे.

तिशीच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले तेव्हा ही गाठ अधिक आवळली गेली. सहकारी पतपेढ्या अडचणीत आल्या, मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला. अशा वेळी विमाहप्ता हा कुटुंबाचा पहिला तोडण्याजोगा खर्च असतो. हप्ता स्वतःच्या खिशातून भरून विमापत्र जगविणे हा या व्यवसायातील सर्वपरिचित उपाय. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे कमिशनातील वाटा विमेदाराला परत देणे, ज्याला व्यवसायात ‘रिबेट’ म्हणतात. १९३८ च्या कायद्याच्या ४१ व्या कलमाने ते निषिद्ध आहे. २०१५ पर्यंत त्याला ५०० रुपयांपर्यंत दंड होता, त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो १० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आला. दंडाच्या आकड्यातील हा फरक पाहता मधल्या पाऊणशे वर्षांत निषेधाचा परिणाम किती झाला असेल याची कल्पना येते. ‘कमिशनातले आम्हाला काय?’ हा प्रश्न गिऱ्हाईक हक्काने विचारी. रिबेट देणारा एजंट केवळ पैसा गमावीत नाही. ज्याला तो भविष्याची शाश्वती देत आहे त्याच्याशी त्याने नात्याच्या आरंभीच एक लहानसा गुन्हा वाटून घेतलेला असतो, आणि त्यानंतर त्याच्या सल्ल्याला सल्ल्याचे वजन राहत नाही. याच्याच जोडीला बेनामी एजन्सी. नोकरीच्या नियमांमुळे ज्याला स्वतः एजंट होता येत नाही असा कारकून अगर शिक्षक पत्नीच्या नावे परवाना काढी. परवान्यावर एक नाव, ओसरीवर दुसरा माणूस, असा प्रकार.

शीण येतो तो या सर्वांतून. पण त्याची खरी जागा याहून खोल आहे. एजंट हा दोन्हीकडचा साक्षीदार असतो. गावाला तो कंपनीविषयी ग्वाही देतो, आणि कंपनीला गावाविषयी. प्रस्तावासोबत जाणाऱ्या गोपनीय अहवालात तो प्रस्तावकाची प्रकृती, सवयी, सांपत्तिक स्थिती यांविषयी आपले मत लिहितो. विमाशास्त्रात त्याला जोखमीचा पहिला परीक्षक म्हटले जाते ते याच कारणाने. गावातील ज्या घरी तो जेवला त्या घरातील खोकल्याची नोंद त्याने करावी अशी अपेक्षा असते. नोंद केली तर घर तुटते, न केली तर पुढे दाव्याच्या वेळी विधवा तुटते. १९३८ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमाने दोन वर्षांनंतर विमापत्रास आव्हान देण्यावर मर्यादा घातली होती, परंतु हेतुपुरस्सर लपवणुकीला तिचे संरक्षण नव्हते. जुन्या मध्यप्रांतातून आलेल्या एका अपिलात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला आणि आजार लपविल्याच्या कारणावरून दावा फेटाळला. २०१५ पासून ही मुदत तीन वर्षांची झाली आहे व तिच्यानंतर कोणत्याही कारणास्तव विमापत्र आव्हानित करता येत नाही.

दुसऱ्या बाजूची साक्ष तर कायद्याने जवळजवळ निरर्थक ठरविली. खेड्यातील विमेदार हप्ता एजंटाच्या हाती देतो. त्याच्या मते तो कंपनीलाच दिलेला असतो. परंतु महामंडळाच्या १९७२ च्या एजंटविषयक नियमांप्रमाणे एजंटाला महामंडळाच्या वतीने हप्ता स्वीकारण्याचा अधिकार नव्हता. एका विमेदाराने थकलेल्या हप्त्याचा धनादेश एजंटाच्या हाती दिला, एजंटाने तो वटविला, आणि पैसे कार्यालयात भरले जाण्याच्या आदल्या दिवशी, ९ ऑगस्ट १९८७ रोजी, विमेदार अपघातात मरण पावला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा नाकारण्याचा निर्णय ग्राह्य धरला आणि भरलेले हप्ते व्याजासह परत करण्यास सांगितले. कायदेशीर दृष्ट्या निकाल सुसंगत आहे. परंतु त्याचा अर्थ वऱ्हाडी खेड्याच्या भाषेत मांडला तर असा होतो की, ज्याच्या तोंडून कंपनी बोलते त्याच्या हातून ती घेत नाही. गावाने पाहिलेली कंपनी आणि कायद्याने पाहिलेली कंपनी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांच्यामधील फट एजंटाने स्वतःच्या अब्रूने बुजवावयाची असते.

१९५६ च्या राष्ट्रीयीकरणाने ही फट नाहीशी होईल अशी अपेक्षा होती. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी नभोवाणीवरून निर्णय जाहीर केला. त्या भाषणात मागील दहा वर्षांत २५ कंपन्या बुडाल्याचा आणि आणखी २५ कंपन्यांनी आपला निधी इतका उधळल्याचा उल्लेख होता की त्यांचा व्यवसाय विमेदारांचे नुकसान सोसून इतरांकडे द्यावा लागला. एकूण २४५ संस्था एकत्र येऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी पाच कोटी रुपये भांडवलाचे, ५ परिमंडळे, ३३ विभाग आणि २१२ शाखांचे महामंडळ अस्तित्वात आले. तोपर्यंत देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावरून राजीनामा दिलेला होता. वऱ्हाडच्या दृष्टीने तर ते वर्ष दुहेरी स्थित्यंतराचे : सप्टेंबरात विमा कंपनी बदलली, १ नोव्हेंबरला राज्य बदलले आणि मध्यप्रदेशातून हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. बुडीत कंपनीचे विमापत्र विकल्याबद्दल एजंटाला तोंड लपविण्याची वेळ आता येणार नव्हती, हा फार मोठा दिलासा होता आणि त्याचे श्रेय राष्ट्रीयीकरणाला दिलेच पाहिजे. गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतलेला योगक्षेमाचा शब्द महामंडळाच्या बोधचिन्हावर आला. परवलीची भाषा आता देशभक्तीची राहिली नाही, संरक्षणाची झाली. १९५७ च्या सुमारे २०० कोटींच्या नवीन व्यवसायापासून १९६९–७० मध्ये १,००० कोटींचा टप्पा ओलांडला गेला.

शब्दाला आता सरकारचा आधार मिळाला. मेहनतान्याची चौकट मात्र तीच राहिली. किंबहुना एका नव्या वर्गाच्या बाबतीत ती अधिक कडक झाली. जुन्या कंपन्यांचे इन्स्पेक्टर महामंडळात क्षेत्र-अधिकारी व पुढे विकास-अधिकारी झाले. एजंट नेमणे, त्यांना शिकविणे, त्यांच्याकडून काम करवून घेणे हे त्यांचे कर्तव्य. त्यांच्या वार्षिक वेतनाचे त्यांच्या एजंटांनी आणलेल्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यांशी ठरावीक प्रमाण राहिले पाहिजे, असा दंडक होता. व्यवसायातील लोक त्याला ‘कॉस्ट रेशो’ म्हणतात. प्रमाण बिघडले की वेतनवाढ थांबे, वेतन घटे, आणि प्रसंगी नोकरीही जाई. नोकरदाराचा पगार आणि दलालाची अनिश्चितता यांचा असा संयोग अन्य शासकीय सेवेत सहसा आढळत नाही. हा अधिकारी आहे की कामगार, हा वाद १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने त्याला औद्योगिक कलह कायद्याखालील कामगार मानले. निर्णयाचा कायदेशीर भाग बाजूस ठेवला तरी, ज्याला आपण कोण हे न्यायालयाकडून ठरवून घ्यावे लागते त्याच्या मनःस्थितीचा अंदाज करता येतो. १९७२ चा दुष्काळ असो की पुढील वर्षांतील बोंडअळी असो, पहिल्या वर्षाच्या हप्त्यांचे प्रमाण अमरावतीला आणि मुंबईला एकाच रीतीने मोजले जाई. त्याच वर्षी सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने भावाची हमी दिली, पण चुकारे लांबत, आणि लांबलेल्या चुकाऱ्याबरोबर हप्ताही लांबे.

याच काळात एजंटाची वाट शेताकडून शाळेकडे व कचेरीकडे वळली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, शिक्षकांची व ग्रामसेवकांची संख्या वाढली, आणि पगारातून हप्ता कापून घेण्याची योजना उपलब्ध होती. पगारदाराचा हप्ता मृगाच्या तोंडी थकत नाही. या बदलाने एजंटाचा तगाद्याचा शीण हलका झाला, हे खरे. परंतु ज्याला विम्याची सर्वांत अधिक गरज तो कोरडवाहू शेतकरी त्याच्या वहीतून हळूहळू बाहेर पडला. जुन्या पिढीतील एजंटाच्या मनात ही खंत राहणे स्वाभाविक होते. मॅस्लॅक यांनी सांगितलेले तिसरे अंग, आपल्या हातून काही घडत नाही ही भावना, केवळ अपयशातूनच येते असे समजण्याचे कारण नाही. आकडा पूर्ण होऊनही ती येते.

भावनांच्या श्रमाविषयी आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये मांडलेला विचार येथे साहाय्यक ठरतो. विमानसेविकांच्या अभ्यासातून त्यांनी दोन प्रकार वेगळे केले : वरवरचा अभिनय, ज्यात माणूस न वाटणारे भाव चेहऱ्यावर आणतो, आणि खोल अभिनय, ज्यात तो ते भाव स्वतःमध्ये निर्माण करतो. वऱ्हाडी एजंटाला हे वर्गीकरण जसेच्या तसे लागू करण्यात मात्र अडचण आहे. विमानातील प्रवासी उतरून जातो. एजंटाचे गिऱ्हाईक त्याच गल्लीत, त्याच नात्यात, त्याच पंगतीत राहते. त्याला अभिनय करण्याची सोयच नाही, कारण विकण्याचे भांडवल म्हणून त्याने आणलेली आपुलकी खरी असते. मामा, साडू, वर्गमित्र हे पहिले विमेदार. ही खरी आपुलकी वर्षअखेरच्या आकड्यासाठी वापरली जाते, आणि वापरली गेल्यावरही ती खरीच राहते. पाश्चात्त्य अभ्यासकांनी खोट्या भावनेच्या शिणाचे वर्णन केले आहे. येथे खर्च झालेली भावना खोटी नव्हती. वऱ्हाडातील व्यवसायक्लांतीचे वेगळेपण या ठिकाणी आहे. मार्च संपल्यावर ज्या घरी सहज जावे त्या घरी जाण्याचा संकोच वाटू लागतो. आपण कशासाठी आलो असे तेथे समजले जाईल, याची त्याला आधीच कल्पना असते.

२००० मध्ये विमाक्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी नवी कार्यालये आली, बँकांतून विमा विकला जाऊ लागला, आणि बाजाराशी निगडित विमायोजनांची लाट आली. तीन वर्षे हप्ते भरा, अशा आश्वासनावर विकल्या गेलेल्या या योजनांतील आकार आणि कमिशन यांवर नियामकाने १ सप्टेंबर २०१० पासून बंधने घातली व पैसे अडकून राहण्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. नव्या विक्री-अधिकाऱ्याचा आकडा वार्षिक राहिला नाही, मासिक झाला, आणि त्याला गावही राहिले नाही. बदली किंवा नवी नोकरी यांबरोबर तो निघून जातो. फसवणूक झाली असे वाटणारा विमेदार मग ज्याच्याकडे जातो तो गावातला जुना एजंट, विमापत्र त्याने विकलेले नसले तरी.

याच वर्षांत या जिल्ह्यांवर शेतकरी-आत्महत्यांचे सावट पडले. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही होते. विमापत्र घेतल्यापासून पहिल्या वर्षात आत्महत्या झाल्यास दाव्याची रक्कम मिळत नाही. सरकारी साहाय्यासाठी मात्र मृत्यू आत्महत्येनेच, आणि तोही शेतीच्या कर्जामुळे झाला असे सिद्ध व्हावे लागे. एकाच मरणाचे दोन कागद, आणि दोन कागदांना दोन वेगळी सत्ये सोयीची. अशा घरात बसून कोणता अर्ज भरावा हे सांगणारा माणूस बहुधा विमा एजंटच असे. या प्रसंगांची मोजदाद कोणत्याही विक्री-अहवालात होत नाही.

पीकविम्याने या व्यवसायात आणखी एक माणूस आणला. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाच्या अन्नधान्य पिकांसाठी २ टक्के, तर कापसासारख्या नगदी पिकासाठी ५ टक्के ठरला. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या खरिपापासून तो एक रुपयावर आणला आणि २०२५ मध्ये ही सवलत मागे घेतली. अतिवृष्टीसारख्या स्थानिक नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे, आणि मग कंपनीचा तालुका-प्रतिनिधी बांधावर पाहणीस येई. याने काही विकलेले नसते, त्याला कोणी ओळखत नाही. तरी संपूर्ण योजनेचा राग त्याच्याच अंगावर येतो. एजंटाला निदान आपुलकीचे भांडवल होते. याच्या हाती पाहणीचा अर्ज आणि भ्रमणध्वनीतील छायाचित्र यांखेरीज काही नसते. व्यवसायक्लांतीचे दुसरे अंग, समोरच्या माणसाविषयीचा कोरडेपणा, येथे वर्षानुवर्षे साचण्याची वाट पाहत नाही. तो पहिल्याच हंगामात स्वसंरक्षणासाठी अंगीकारला जातो.

मेहनतान्याच्या चौकटीत अलीकडे दोन बदल झाले आहेत. २०२३ मध्ये नियामकाने कमिशनच्या कलमवार मर्यादा काढून एकूण खर्चाची मर्यादा ठेवली व कमिशनचे धोरण कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोपविले. दुसरा बदल अधिक उद्बोधक आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे आयुर्विमा महामंडळाची ‘विमा सखी’ योजना सुरू झाली. दहावी उत्तीर्ण स्त्रियांना पहिल्या वर्षी दरमहा ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन कमिशनखेरीज दिले जाते. वर्षाला २४ विमापत्रांचा आकडा येथेही आहे. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीचे विद्यावेतन मागील वर्षीच्या विमापत्रांपैकी किमान ६५ टक्के चालू राहण्यावर अवलंबून ठेवले आहे. विकलेले टिकले पाहिजे ही अट एजंटाच्या मासिक मिळकतीतच आली. दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याकडील एखाद्या सखीने मार्चअखेर सहामाही हप्त्याचे विमापत्र केले, तर त्या ६५ टक्क्यांचा हिशेब सप्टेंबरात, वेचणी सुरू होण्याच्या आधी, तिच्यापुढे येणार आहे. पूर्वीचा एजंट ओळखीच्या घरी सखा म्हणून जाई आणि व्यवसाय झाकी. आता ते नातेच पदनाम म्हणून छापील कागदावर आलेले आहे.